गोंगाट पुसण्याआधी टाळा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च २६०० कोटी रुपये. प्रोटॉनच्या व्यासाहूनही सूक्ष्म हालचाल टिपायची, म्हणून शास्त्रज्ञांनी आधी कमी कंपनांची जमीन शोधली. कंपने गाळणारी यंत्रणा त्यानंतरची. हिंगोली जिल्ह्यात उघड्यावर माणसांचे आवाज टिपणाऱ्या आपण सर्वांनी हाच क्रम पाळायला हवा.

आपल्याकडे बहुतेकदा उलटे घडते. हळदीच्या हंगामात पॉलिशचा ड्रम फिरतो, सोयाबीनच्या दिवसांत मळणी यंत्र धडधडते आणि त्याला खेटूनच शेतकऱ्याची मुलाखत होते. ‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये साफ करू’ या भरवशावर. पण ‘स’, ‘श’ यांची सळसळ आणि ‘ख’, ‘थ’, ‘फ’ यांतला श्वास सॉफ्टवेअरला गोंगाटासारखाच वाटतो. गोंगाट खरवडताना तेही खरवडले जातात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

पहिला उपाय अंतराचा. माइक एक मीटरवरून पाव मीटरवर आणला, तर बोलणाऱ्याचा आवाज सुमारे १२ डेसिबलने चढतो. दूरचे यंत्र होते तेवढेच राहते. कार्डिऑइड माइकला पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून त्याची पाठ यंत्राकडे असू द्या. वाऱ्याची घरघर माइकच्या तोंडाशीच तयार होते. तिला लव असलेले आवरण अडवते, नुसता स्पंज जोराच्या वाऱ्यात अपुरा पडतो. ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट उरलेली घरघर कमी करतो.

वेळेचाही विचार हवा. हिवाळ्यातल्या पहाटे वारा पडलेला असतो, पण जमिनीलगतच्या थंड हवेमुळे लांबच्या रस्त्याचा आवाज खाली वळून आपल्यापर्यंत पोचतो. दुपारी तो वर वळतो, पण वारा सुटतो. म्हणून ज्या वेळी ध्वनिमुद्रण करायचे, त्याच वेळी हेडफोन लावून जागा पारखा.

लायगोच्या अमेरिकेतील वेधशाळांत भूकंपमापक आणि मायक्रोफोन लावून परिसरातल्या गोंगाटाचीही स्वतंत्र नोंद ठेवतात. आपणही बोलणे सुरू होण्याआधी अर्धे मिनिट फक्त जागेचा आवाज घ्यावा. वेळ, वारा, जवळची यंत्रे लिहून ठेवावीत. आणि साफ केलेल्या प्रतीबरोबर मूळ फाइलही जशीच्या तशी जपावी. पुसण्याची साधने सुधारत जातील. पुसून गेलेले अक्षर परत येणार नाही.

जात्यावरची ओवी सांगणारी आजी पुढच्या वर्षी तेवढ्याच ताकदीने गाईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तिच्यासाठी यंत्रवाल्याला दहा मिनिटे थांबण्याची विनंती करणे, किंवा माइक उचलून शंभर पावले पलीकडे जाणे, हा आपल्या कामाचाच भाग आहे.