चाळिशीनंतरचा वीजतंत्री : मार्केट यार्डातील एक प्रश्न

कचेरीत काम करणाऱ्याचा अनुभव वाढतो तसा त्याचा पगार वाढतो. पुण्याच्या मार्केट यार्डातील हमालाच्या बाबतीत हा हिशोब उलटा आहे. त्याची मजुरी नगावर ठरते. पंचविशीत तो जितकी पोती उचलतो तितकी पन्नाशीत उचलू शकत नाही. गुडघे, मणका आणि मान आधी थकतात. मुलांचे शिक्षण व घराचे भाडे मात्र त्याच सुमारास वाढलेले असते. अशा माणसाने उतारवयाकडे झुकताना दुसरा हुन्नर शिकावा काय, आणि शिकायचे ठरवले तर समाजाने त्यासाठी कोणती वाट ठेवली आहे, या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने पूर्वी मोठे काम केले आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ साली राज्याने माथाडी कायदा केला आणि एका मालकाचा नोकर नसलेल्या श्रमिकालाही भविष्यनिर्वाह निधी व उपदान मिळण्याची सोय झाली. ओझ्याच्या वजनाचा प्रश्नही याच चळवळीने लावून धरला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. त्यासंबंधीचा करार भारताने २०१० साली मान्य केला. पाठीवरचे ओझे हलके करण्याची ही लढाई होती. ओझे सोडून दुसरे काम हाती घेण्याची सोय मात्र अजून व्हावयाची आहे.

वीजकामाचा पर्याय अनेकांच्या मनात येतो, आणि तो अवाजवी नाही. खुद्द यार्डातच शीतगृहे, फळे पिकवण्याच्या खोल्या, इलेक्ट्रॉनिक काटे आणि गाळ्यांचे फिटिंग सांभाळणारी माणसे लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने १ कोटी घरांवर सौर संच बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठीही कारागीर हवेत. शिवाय या कामात बळापेक्षा सावधपणा आणि हाताची सवय यांना किंमत आहे. तरीही शिडीवर चढणे आणि तासन्‌तास हात वर धरून काम करणे यातही आहेच, हे विसरू नये.

आता वाटेतील अडचणी पाहू. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्रवेशासाठी वयाची कमाल मर्यादा नाही. वीजतंत्री या व्यवसायासाठी दहावी, तर तारतंत्री म्हणजे वायरमनसाठी आठवी उत्तीर्ण असावे लागते; दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. कागदावर दार उघडे आहे. परंतु रोजच्या हजेरीची दोन वर्षे म्हणजे रोजच्या मजुरीचीही दोन वर्षे. हातावर पोट असलेल्या माणसाला वयाची अट अडवत नाही, वेळापत्रक अडवते.

यावर अल्पमुदतीचे अभ्यासक्रम हा उपाय सांगितला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातील ४०० शासकीय आयटीआय आणि १५० तांत्रिक शाळांमधून अशा अभ्यासक्रमांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सौरऊर्जेचाही समावेश आहे. याचे आम्ही स्वागत करतो. पण येथे एक सावधगिरी हवी. कायद्यानुसार दिवा वा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर विजेची जोडणी परवानाधारक कंत्राटदारामार्फत, सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या व्यक्तीनेच करावयाची असते. हा नियम निव्वळ कागदी नाही. अर्थिंग नीट नसलेल्या गाळ्यात पावसाळ्यात कोणाचाही जीव जाऊ शकतो, आणि पहिला बळी बहुधा अर्धवट शिकलेल्या कारागिराचाच असतो. काही आठवड्यांच्या वर्गातून मदतनीस तयार होईल, वीजतंत्री नव्हे. हे प्रवेश देतानाच स्पष्ट सांगणे हा प्रामाणिकपणा होय.

मग शिकण्याच्या काळात घर कसे चालावे? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने पाहिलेले आहे. कापड गिरण्या बंद पडू लागल्यावर केंद्र सरकारने १९८६ साली वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आणली. पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य देऊन दुसऱ्या कामात स्थिरावण्यास अवधी द्यावा, अशी ती कल्पना होती. गिरणी किंवा तिचा एखादा भाग कायमचा बंद झाल्याखेरीज तिचा लाभ नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कपात झालेल्या कामगाराला पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचे वेतन मिळण्याची तरतूद आहे. हमालाची मात्र कपात होत नाही. त्याचे काम हळूहळू आटत जाते, आणि आटण्याला कायद्यात तारीख नसते. सिंगापूरने याबाबत वेगळी दिशा धरली आहे. तेथे चाळिशी ओलांडलेल्या नागरिकाने पूर्णवेळ मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतल्यास २०२५ पासून त्याला सरासरी उत्पन्नाच्या निम्मा, दरमहा कमाल ३,००० सिंगापूर डॉलरपर्यंत भत्ता मिळू शकतो. नोकरी गेल्याचा दाखला मागण्याऐवजी तेथे शिकण्याची गरज पाहिली जाते.

आमच्या मते मार्केट यार्डासाठी चार गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. भाजीपाला विभागाचे काम रात्री व पहाटे असते; म्हणून वर्ग दुपारी आणि यार्डाच्या जवळ भरावेत. शिकण्याच्या काळात हमालाचा बिल्ला व माथाडी मंडळातील नोंद सुरक्षित राहावी, म्हणजे प्रयत्न फसला तरी परतीचा रस्ता राहील. बाजार समिती, मंडळ आणि शासन यांनी मिळून बुडालेल्या मजुरीचा निदान काही भाग भरून द्यावा. आणि वर्ग संपल्यावर परवानाधारक कंत्राटदाराकडे उमेदवारीची सोय असावी, कारण परवान्यापर्यंतची खरी वाट तेथूनच जाते.

सर्वच हमाल वीजतंत्री होणार नाहीत. अनेकांना ते नकोही असेल. परंतु ज्याला व्हायचे आहे त्याने केवळ दोन वर्षांची मजुरी बुडते म्हणून साठीपर्यंत पाठ वाकवावी, हे न्याय्य नव्हे. ज्यांच्या खांद्यावरून या शहराचे अन्न येते, त्यांच्या शिकण्याचा खर्च शहराने थोडा उचलला, तर ते उपकार नव्हेत. वाचकहो, ती एका जुन्या देण्याची फेड ठरेल.