पाटीवरचं सोलापूर

आमच्या नवी पेठेत पाट्या वाचत हिंडायला मला आवडतं. मराठी, इंग्रजी, मधूनच एखादी तेलुगू किंवा कन्नड. पूर्वी पेंटर ब्रशने अक्षरं रंगवायचे, आता फ्लेक्स छापून येतो. हल्लीच्या पाट्यांवर एक वळण बरंच दिसतं. सगळ्या रेषा एका जाडीच्या आणि गोल असे, की जणू कंपासनेच काढलेत.

रोमन लिपीत हे वळण जुनं आहे. पॉल रेनरचा फ्युचुरा १९२७ सालचा. देवनागरीत मात्र ते फार उशिरा रुळलं. त्यातला बहुतेकांच्या नजरेखालून गेलेला फॉन्ट म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स. तो २०१४ चा. देवनागरी अक्षरं निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. बारीक ते ठसठशीत अशा नऊ जाड्या, आणि वापरायला फुकट.

यावर जाणकार नाक मुरडतात. देवनागरी ही बोरूची लिपी, तिरक्या टोकातून उतरणारी जाड-बारीक रेष हाच तिचा जीव, तिला कंपास कशाला? पुस्तकापुरतं मला हे पटतं. तीनशे पानं एकाच जाडीच्या रेषेत वाचायची म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. पण पाटीचं गणित वेगळं आहे.

२०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, हेही त्यात आलं. आता 'सोलापूर' लिहून बघा. वर मात्रा, खाली दीर्घ ऊकार. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली काहीच नसतं. दोन्ही ओळी पट्टीने सारख्या उंचीच्या केल्या, तर मात्रा-ऊकारात जागा जाते आणि मधलं 'स', 'ल', 'प' आक्रसतं. कायदा पाळला जातो, पण रस्त्यापलीकडून ठळक दिसतं ते इंग्रजीच!

पॉपिन्समध्ये हे आधीच सोडवलंय. त्यात देवनागरीचं मूळ अक्षर रोमन कॅपिटलपेक्षा उंच ठेवलंय आणि मात्रा-ऊकार त्याच्या बाहेर. रेषेची जाडी जुळती, त्यामुळे दोन्ही लिप्या शेजारी बसल्या तरी मराठी पाहुणी वाटत नाही. कंपासच्या अक्षरांची बाजू मी घेतो ती एवढ्यासाठीच.

एक अट मात्र आहे. 'सोलापूर'मधला 'ल' आपला, पाकळीचा हवा. २०२२ च्याच शासन निर्णयानेही तोच प्रमाण मानलाय. बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल'ची दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळणाचा दांडीवाला 'ल' उमटतो. छापणाऱ्याला दोष देण्यापेक्षा नमुना हातात आला की 'ल' तपासावा आणि दहा पावलं मागे जाऊन पाटी वाचून बघावी.

पट्टीने मोजलेली उंची कायद्यासाठी ठीक आहे हो. पण चष्मा घरी विसरून बाजारात आलेल्या आजोबांना दुकानाचं नाव लागलं, तरच ती मराठी पाटी. तुमच्या गावच्या पाट्यांवर 'ल' कोणता आहे, जरूर कळवा.