दूर हो!

दोस्तहो, ‘दूर’ हा शब्द आम्हाला कुणी शिकवायला नको. गावकुसाबाहेर दूर, पाणवठ्यापासून दूर, वर्गात गोणपाटावर दूर. पिढ्यान् पिढ्या व्यवस्थेनं आम्हाला एकच धडा दिला : दूर हो! म्हणून कुणी ‘दूरशिक्षण’ म्हटलं की माझे कान टवकारतात.

२०२० च्या टाळेबंदीत शाळांना कुलपं लागली. सरकारनं घोषणा दिली, शाळा बंद पण शिक्षण आहे. कुणाला आहे? सोलापुरात आमच्या विडी कामगारांच्या वस्तीत एक बहिरी पोरगी मी रोज बघत होतो. आई विड्या वळायची. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. रात्री पोरीच्या हाती आला की पडद्यावर गुरुजी दिसायचे. तोंड हलायचं. खाली अक्षर नाही, खुणा करणारा हात नाही. शेजारी म्हणायचे, आवाज वाढव! च्यायला, बहिरीनं आवाज वाढवून काय करायचं?

यंत्राला मी शिव्या घालत नाही. याच जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी गाजले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. अभिमानच आहे. पण कागदावरचा तो चौकोन आंधळ्या पोरानं शोधायचा कसा? त्यातून निघणारा आवाज बहिऱ्यानं ऐकायचा कसा?

कायदा आहे की! २०१६ चा अपंग हक्क कायदा. कलम ३१ : चाळीस टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या पोराला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत नाहीतर खास शाळेत, त्याच्या पसंतीनं. कलम १७ : खुणांची भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक तयार करा, नेमा.

६ डिसेंबर २०२४ ला, महापरिनिर्वाण दिनी, दिल्लीनं भारतीय सांकेतिक भाषेचं चोवीस तासांचं चॅनेल सुरू केलं. त्याचा नंबरही ३१! चॅनेल पाहिजेच. पण पोरीची खूण चुकली तर टीव्ही तिचा हात धरतो काय? तिनं प्रश्न केला तर टीव्ही बघतो काय? भाषा दोघांत होते. एकट्यानं पडदा बघत बसणं म्हणजे पुन्हा दाराबाहेर बसणं.

आणि वर गोड नाव : दिव्यांग! आम्हालाही ‘हरिजन’ म्हणाले होते. नाव देवाचं देतात, हक्काचं बोलत नाहीत.

तेव्हा मागणी सरळ आहे. वस्तीतल्या विहारात, समाजमंदिरात पडदा लावा. त्याच्या शेजारी खुणा येणारा शिक्षक बसवा, पगारी, शक्यतो स्वतः बहिरा. आईबापांनाही खुणा शिकवा. दिवसभर विड्या वळणाऱ्या बोटांना ती भाषा जड जाणार नाही. आणि दोस्तहो, गल्लीत तिला ‘ए मुके’ म्हणून हाक मारणारे आपलेच आहेत, त्यांनाही जाब विचारा.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा हुकूम फक्त कान असणाऱ्यांसाठी नव्हता!