स्टॉपवॉचआधी बीपी बघा

साठी गाठली की कचेरीत निरोपाचा नारळ मिळतो. तलावावर मात्र त्याच वर्षी माणूस पुन्हा धाकटा होतो. मास्टर्स जलतरणात पंचविशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो आणि वय मोजतात ते स्पर्धेच्या वर्षातल्या 31 डिसेंबरला. म्हणजे 59व्या वर्षी आपल्या गटात सगळ्यांत थोरला म्हणून मागे पडणारा गडी साठीत शिरला की नव्या गटात सगळ्यांत तरुण ठरतो. पदक हाताशी आल्यासारखं वाटतं. मग सकाळच्या बॅचला लॅप वाढतात, स्प्रिंट वाढतात, सुट्टीचा वार बुडतो. हृदयाला सगळ्यांत जपायचं ते नेमकं हेच वर्ष, आणि त्याच वर्षी आपली नजर फक्त घड्याळावर असते.

पोहण्याशी माझं काही वाकडं नाही. पन्नाशी उलटलेल्यांना बारा आठवडे पोहायला लावलं तर त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 9 अंकांनी उतरला, असं 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. गुडघे कुरकुरणाऱ्यांना तर याच्यासारखा व्यायाम नाही. प्रश्न पोहण्याचा नाही, शर्यतीचा आहे.

ट्रायथलॉनमध्ये तोच माणूस एकाच दिवशी पोहतो, सायकल मारतो आणि धावतो, त्यामुळे तिथे तुलना सोपी जाते. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनची 1985 ते 2016 पर्यंतची नोंद तपासली गेली. अपघात वगळता 120 जणांचा अचानक मृत्यू झाला किंवा हृदय बंद पडलं. त्यांतले 90 जण पाण्यात होते. सायकलवर 7, धावताना 15, बाकीचे शर्यत संपल्यावर. सगळ्या स्पर्धकांचा हिशेब केला तर धोका लाखात दोघांहूनही कमी. साठीपुढच्या पुरुषांत मात्र तो लाखात 18.6 वर गेला. अंतर कमी ठेवल्याने तो घटलाही नाही. ज्या 61 जणांचे शवविच्छेदन अहवाल मिळाले, त्यांतल्या 27 जणांना हृदयविकार होता. बहुतेकांच्या धमन्यांत अडथळे होते किंवा हृदयाचा स्नायूच आजारी होता.

पाण्यातच असं का होतं? गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाला एकदम जास्त रक्त हाताळावं लागतं. पाणी गार असेल तर श्वास अडकतो, नाडी आणि रक्तदाब उसळतो. पुण्या-नाशकात जानेवारीच्या पहाटे न तापवलेल्या तलावात उडी मारणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्याच क्षणी चेहरा पाण्यात गेला की शरीर उलटा हुकूम सोडतं, ठोके कमी कर. अशा दोन हुकमांच्या कात्रीत निरोगी हृदयाचाही ताल चुकू शकतो. आजारी हृदयाला तो सावरता येईलच असं नाही. त्यात शिट्टी, गर्दी आणि शेजारच्या लेनमधला जुना प्रतिस्पर्धी.

वर पाणी लक्षणंही झाकतं. घाम जाणवत नाही. नाडी जमिनीवरच्यापेक्षा हळू चालते, त्यामुळे मेहनत कमी झाली असं वाटतं. नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडीचा हिशेब आणखी फसवा. धाप लागली तर वय झालं म्हणायचं, खोकला आला तर नाकातोंडात पाणी गेलं म्हणायचं. पण जोरात पोहताना शरीरातलंच पाणी फुप्फुसांत उतरू शकतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांत आणि स्त्रियांत हे जास्त दिसतं. पोहताना खोकला थांबेना किंवा थुंकीत गुलाबी झाक दिसली, तर तिथेच बाहेर या.

सगळ्यांत फसवा तो खांदा. दोनशे मीटर मारून गडी भिंतीला टेकतो, डावा खांदा चोळतो. काठावरून कोच ओरडतो, ‘‘काका, खांदा भरलाय, बर्फ लावा!’’ काका घरी जाऊन बर्फ लावतात आणि वर डायक्लोफिनॅकची गोळी घेतात. ही गोळी रक्तदाब चढवते आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवते. आणि खांद्याचं दुखणं मुळात हृदयाचंही असू शकतं. नॉर्वेचा अलेक्झांडर डाले ओएन हा 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा 2011चा विश्वविजेता. एप्रिल 2012 मध्ये अमेरिकेत सराव शिबिरात असताना तो वयाच्या 26व्या वर्षी गेला. आधीचे काही दिवस खांदा दुखत होता. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांचा जुना, कुणालाही न कळलेला आजार निघाला. त्याचे आजोबाही 42व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. विश्वविजेत्याचं हे झालं. आपल्याकडे तर वय आणखी आडवं येतं: 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका साधारण 53व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना 59च्या आसपास.

आणि आपली तपासणी कशी? अर्जासोबत वैद्यकीय दाखला जोडायचा असतो. तो ओळखीच्या डॉक्टरकडून, छातीला स्टेथोस्कोपही न लावता, लेटरहेडवर मिळतो. या कागदाने आयोजकाची कातडी वाचते, पोहणाऱ्याचा जीव नाही. आयोजकांनो, चाळिशीपुढे पहिल्यांदा स्पर्धेत उतरणाऱ्याकडून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजीचे रिपोर्ट मागा. घराण्यात हृदयविकार असेल, मधुमेह असेल, तंबाखू सुटली नसेल, तर ट्रेडमिल टेस्टही मागा. ट्रेडमिल चांगली आली म्हणून गाफील राहू नका. तिला सगळे अडथळे दिसत नाहीत. म्हणून काठावर बंद पडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं एईडी यंत्र हवं आणि ते चालवणारा माणूस हवा. शॉकला एकेका मिनिटाचा उशीर झाला की वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. यंत्राशेजारी कोरडा टॉवेलही ठेवा, कारण ओल्या छातीवर पॅड धड चिकटत नाहीत. मालवणच्या चिवला किनाऱ्यासारख्या सागरी स्पर्धांत तर सोबतच्या होडीतल्या प्रत्येकाला सीपीआर आलाच पाहिजे.

पोहणाऱ्यांना इतकंच सांगतो. यंदा तुमचा गट बदलत असेल, तर नवा स्विमसूट घेण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या. मी नुसता पोहत नाही, शर्यतीत उतरतो, हे त्यांना स्पष्ट सांगा. गोळ्यांची यादी आणि घराण्याचा इतिहास सोबत न्या. एकट्याने सराव करू नका. ताप असेल त्या आठवड्यात पाण्यात उतरू नका. आणि शर्यत अर्धी सोडायची वेळ आली तर लाजू नका. पदक पुढच्या वर्षीही मिळेल, तोवर तुम्ही त्याच गटात असाल.