आम्हाला पगारी ट्रेनिंग, खालांना शिलाई मशीन

माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती, तरी पहिल्या नोकरीत मला कामाचं फारसं काही येत नव्हतं. कंपनीने चार महिने वर्गात बसवून शिकवलं, पूर्ण पगार दिला, जाण्यायेण्याला बस दिली. पुढचे दोन महिने मी बेंचवर होतो, म्हणजे काम शून्य आणि पगार चालू. याला कुणी खैरात म्हटलं नाही.

आता आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचं ऐका. वय ३८, शिक्षण आठवी, नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. लोक त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. बाकी घर साड्यांच्या फॉल-पिकोवर चालतं. गेल्या वर्षी एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटने त्यांना बोलावलं. तीन महिने काम शिकायचं, ते बिनपगारी. मग महिना ९,००० रुपये. खाला माझ्याकडे आल्या. "बेटा, माझा पगार तर बंद नाही होणार?"

नियम वाचणं हे माझं रोजचंच काम, म्हणून हिशोब करून बघितला. निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यातच खाला ही मर्यादा ओलांडणार. नोकरी टिकली तर ठीक. सुटली तर पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, तहसीलच्या पुन्हा चकरा. आणि शिकण्याच्या तीन महिन्यांत घरात काय शिजणार? खाला गेल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो नसतो. बाया काम करायला तयार नसतात, फुकटची सवय लागलीय, असं ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकतो तेव्हा मला हा हिशोब आठवतो.

सरकारला पगारी प्रशिक्षण माहीतच नाही, असं म्हणायलाही जागा नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. काम प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकायचं आणि विद्यावेतन सरकार थेट खात्यात जमा करणार: बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,०००. कल्पना चांगलीच आहे. पण वय १८ ते ३५, शिक्षण किमान बारावी. खाला दोन्हीकडून बाहेर. जो जास्त शिकला त्याला शिकण्यासाठी जास्त पैसे, आणि आठवीत शाळा सुटलेल्या आईला काहीच नाही! मुलं वाढवण्यात जिची तिशी गेली, तिला काम शिकायची संधी पस्तिशीनंतरच लागते, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात कसं आलं नाही?

दुसरा प्रश्न लेकरांचा. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, हा कायदा २०१७ च्या दुरुस्तीने झाला. पण अशा बायकांना काम देणारी युनिटं बहुतेक दहा-वीस माणसांची. अंगणवाडी काही तासांतच सुटते, शिफ्ट मात्र संध्याकाळपर्यंत. यावर खर्च न करता महिला सक्षमीकरणाचे फलक लावणं सोपं आहे.

आणि आपण? आपल्या संस्था काय करतात? शिलाई मशीन वाटतात. स्टेज, हार, फोटो. त्याच गल्लीत आधीच पंधरा मशीन आहेत, फॉल-पिकोचा दर त्यामुळेच पडलाय, हे वाटणाऱ्यांना कुणी सांगत नाही. मीही अशा दोन कार्यक्रमांना वर्गणी दिली आहे.

मागायचं असेल तर नीट मागू या. सरकारी मदत घेणाऱ्या आईला किंवा एकट्या बापाला वयाची आणि बारावीची अट न लावता विद्यावेतनासह प्रशिक्षण द्या. त्या काळात आणि नोकरी लागल्यावर निदान दोन वर्षं निराधारची मदत चालू ठेवा, मग हळूहळू कमी करा. पाळणाघराचा खर्च योजनेतच धरा. जो मालक प्रशिक्षण संपताच माणूस काढून सरकारी पैशावर नवा घेतो, त्याला पुढच्या वेळी प्रशिक्षणार्थी देऊ नका.

येत्या अधिवेशनाआधी आमदाराला द्यायचं निवेदन आम्ही मोहल्ल्यात लिहायला घेतलंय. खालांनी पहिली सही केली, आणि विचारलं की ही सही केल्यामुळे तरी पगार बंद होणार नाही ना.