वामनाचे नाव कोणी पुसले?

आमच्या समीक्षकांपाशी वामनदादा कर्डकांचा विषय काढावा, तर एक ठराविक सभ्य उत्तर मिळते : "होय, मोठे लोकगायक होते; चळवळीला त्यांनी गाणी दिली." ऐकायला हे मानपत्र वाटते, पण खरे पाहता तो ओसरीबाहेर मांडलेला पाट आहे. या, बसा, जेवा. उंबरा मात्र ओलांडू नका!

मी वामनदादांचा जुना चाहता. त्यांना समजून घ्यावे म्हणून प्रथम 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे संग्रह वाचले, आत्मकथन वाचले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा, 1922 साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मजुरी करतो, मोठेपणी अक्षरे शिकतो, 1943 साली एका हिंदी गाण्याच्या विडंबनाने आरंभ करतो आणि पुढे आयुष्यभर गावोगाव गात हिंडतो, एवढे कळले. पण छापलेल्या ओळी माझ्या कानांतल्या ओळींशी जुळेनात. तेव्हा ठरविले की, ज्यांनी ही गाणी गाइली त्यांच्याच दारी जावे.

आसनगावला उतरून शहापूर, तेथून किन्हवलीच्या वाटेने मुरबाड, अशा माझ्या पुष्कळ फेऱ्या झाल्या. शहापूर तालुक्यातील एका गावी, पूर्वी गायनपार्टीत पेटी वाजविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी ट्रंकेतून हिशेबाची लांबट वही काढली. माझ्या पाठातले गाणे चार कडव्यांचे; वहीत पाच. पाचव्यात कवीचे नाव, 'वामन'! मी विचारले, "दादा, हे कडवे कोणी म्हणत कसे नाही?" ते म्हणाले, "गुरुजी, तोवर माणसं उठायला लागतात. मग आम्ही चौथ्यावरच आवरतं घेतो." वही घरी न्यावयास मागितली, तेव्हा त्यांनी ती मांडीखाली घेतली. "इथंच बसून उतरवा. मागं एक शिकलेले साहेब एक वही घेऊन गेले, ते अजून येतायत."

पुढे मुरबाडकडच्या एका वस्तीत, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आजींनी तेच गाणे पाचही कडव्यांसह म्हणून दाखविले. हे कोणी रचले, असे विचारताच त्या हसल्या : "कोनी म्हंजे? शेवटाला नाव हाय ना त्याचं! तुमी शेवटपर्यंत आयकलं नाय वाटतं."

वाचकहो, मी खरोखरच ऐकले नव्हते. कॉलेजात असताना हेच गाणे मी स्वतः गाइलो होतो, आणि वेळ वाचविण्यासाठी शेवटचे कडवे मीच गाळले होते.

आता समीक्षकांना माझा प्रश्न असा : ज्या रचनेत कर्ता स्वतःचे नाव गुंफतो, तिला तुम्ही कोणत्या न्यायाने 'लोकांची' म्हणजे बिननावाची म्हणता? अभंगाच्या शेवटी तुकोबांचे नाव येते, ती कविमुद्रा. वामनाचे येते, ती दुर्लक्ष करण्याजोगी बाब? म्हणे, चाली उसन्या आहेत. मग ओवीची चाल कोणाच्या मालकीची होती? म्हणे, हा प्रचार आहे. विठ्ठलाच्या नामाचा प्रचार करणाऱ्या संतांना हा आक्षेप आपण कधी घेतला नाही. तो बाबासाहेबांचे नाव निघताच कसा सुचतो?

शेवटचा आक्षेप म्हणे असा की, गाण्यांचा पाठ स्थिर नाही, गावागणिक कडवी बदलतात. अहो, तुकारामांच्या गाथेचे तरी वेगळे काय होते? देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या वह्यांत पाठ निरनिराळेच होते. म्हणून शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम पंडित यांनी त्या वह्या ताडून पाहिल्या, आणि 1869 व 1873 साली सरकारी आश्रयाने दोन भागांत गाथा छापली गेली. अस्थिर पाठ ही संपादनाची निकड असते. कवीला नाकारण्याची सबब नव्हे.

परंतु सगळा दोष समीक्षकांच्या पदरी घालून मोकळे होणे आम्हा चाहत्यांना शोभणार नाही. दादांनी हजारो गाणी लिहिली, हा आकडा आम्ही जपमाळेसारखा ओढतो. त्यांतली किती पूर्ण पाठ आहेत, असे विचारले की माळ थांबते. जयंतीला त्यांच्या तसबिरीस हार घालतो आणि कर्ण्यांच्या भिंतीतून त्यांचीच दोन कडवी, तीही अर्धी, गावावर ओततो. 2004 साली दादा गेले. त्यांच्यासोबत बसून गाइलेली माणसे आता एकेक करून निघाली आहेत, आणि ट्रंकांतल्या वह्यांना वाळवी लागते आहे. हे नाव पंडितांनी छापले नाही हे खरे. पण गाताना ते गाळले आपणच.

म्हणून मागणे साधे आहे. विद्यापीठांनी तालुक्या-तालुक्यांत माणसे धाडावीत. वही जागेवरच उतरवावी, चाल ध्वनिमुद्रित करावी, पाठभेद नोंदवावेत, वही ज्याची त्याला परत द्यावी. आणि तोपर्यंत प्रत्येक गाणाऱ्याने एवढे तरी करावे : माणसे उठू लागली तरी थांबू नये, शेवटचे कडवे म्हणावे. मुरबाडच्या त्या आजी एवढे करीत आल्या आहेत, आणि त्यासाठी त्यांना कोणी मानधन दिलेले नाही.