संत्र्याच्या मुलखात संत्र्याचा रंग

गेल्या वर्षी परीक्षा आटोपून मार्चअखेर आमची नात आमच्याकडे आली, तेव्हा तिच्यासाठी आम्ही घरी संत्र्याची कुल्फी केली. दूध आटवले, फोडी सोलून घातल्या, रात्रभर गोठू दिले. सकाळी तिने एक घास घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आबा, छान आहे, पण हिला संत्र्याची चव नाही."

आम्हांला हसू आले, आणि मग ते मावळले. मुलगी खोटे बोलत नव्हती. तिच्या जिभेला संत्रे म्हणून जे ठाऊक होते, ते कोपऱ्यावरच्या दुकानातल्या नारिंगी आईसकांडीत होते. आम्ही त्या कांडीचे वेष्टन मागवून वाचले. पाणी, साखर, आम्लतेसाठी एक द्रव्य, रंग आणि कृत्रिम स्वाद. संत्र्याचा त्यात थेंबही नव्हता. आणि हे घडले कोठे, तर पांढुर्ण्यात; जेथून सौंसरपर्यंत जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा दिसतात!

या मुलखाला हरवण्याची भीती नवी नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपली मराठी टिकेल की नाही, या चिंतेने आपण सभा भरवतो, अंक काढतो, ठराव करतो. ते योग्यच आहे. परंतु मुलाला 'संत्रे' हा शब्द यावा आणि त्या शब्दाची चव मात्र परक्या कारखान्यातून यावी, याला भाषा टिकणे म्हणायचे काय? शब्द उरला आणि वस्तू गेली, तर आपण राखले ते केवळ टरफल.

यात आम्ही स्वतःला निर्दोष मानत नाही. शासकीय सेवेत असताना संत्रा-प्रक्रिया या विषयावरील कितीतरी बैठकांना आम्ही बसलो. टिपणे लिहिली, प्रस्ताव पुढे पाठवले. त्याच बैठकांत टेबलावर जे नारिंगी पेय ठेवले जाई, त्यात फळ किती आहे, हे आम्ही एकदाही विचारले नाही. २०१४ साली 'नागपूर संत्रा' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले; २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. मान वाढला, नावे वाढली. घरातल्या थंड पदार्थात मात्र संत्रे शिरले नाही.

बाजाराची बाजू घेणारे म्हणतात, घरच्या कुल्फीला दुकानाची सर येत नाही. येथे थोडा हिशेब करू. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे आईसक्रीम म्हणवणाऱ्या पदार्थात दुधाची स्निग्धता किमान १० टक्के असावी लागते. दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल वापरले, तर त्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. बारीक अक्षरातले ते दोन शब्द किती जण वाचतात? म्हशीच्या चांगल्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धता असते. ते निम्मे आटवले की प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे आपल्या पातेल्यातले दूध नियमाची अट सहज ओलांडते. सर कोणाला येत नाही, ते यावरून वाचकांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप असा, की संत्र्याने दूध फाटते आणि गोठवलेले संत्रे कडवट लागते. हा आक्षेप खरा आहे, पण तो संत्र्यावर नसून आपल्या घाईवर आहे. उकळत्या दुधात रस ओतला तर ते फाटणारच. आपल्या संत्र्याचा रस तापवला किंवा बराच वेळ तसाच ठेवला, तर त्यात लिमोनिन नावाच्या द्रव्याचा कडूपणा उतरतो. बिया आणि पातळ साली रगडल्या गेल्या तर अधिकच. म्हणून रस काढूच नये. एक लिटर दूध निम्मे आटवावे, त्यात पाऊण वाटी साखर विरघळवावी आणि ते पूर्ण गार करावे. चार गोड संत्र्यांच्या फोडी पातळ साल व बिया काढून, हाताने मोकळ्या करून, थंड असतानाच त्यात मिसळाव्यात. मिश्रण छोट्या स्टीलच्या पेल्यांत भरून, वर झाकण देऊन, मध्ये काडी खोचून सात-आठ तास गोठवावे. साखर वाढवली तर कुल्फी घट्ट होत नाही; दूध कमी आटवले तर दाताखाली बर्फाचे खडे येतात. शास्त्र म्हणावे ते एवढेच. शीतकपाट नसेल तर तीन भाग बर्फाच्या चुऱ्यात एक भाग जाडे मीठ घालून त्यात घट्ट झाकणाचे डबे पुरावेत. कुल्फीवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत.

तिसरा आक्षेप ज्येष्ठांचा असतो: दूध आणि आंबट फळ हा विरुद्धाहार आहे. आयुर्वेदाचा हा नियम मानणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. त्यांनी पिकलेला गोड आंबा घ्यावा. परंतु स्वयंपाकघरात विरुद्धाहार आठवणारी हीच मंडळी लग्नाच्या पंगतीत स्ट्रॉबेरीच्या आईसक्रीमची दुसरी वाटी मागतात, तेव्हा तो नियम कोठे जातो?

राहिला वेळेचा प्रश्न. "आता एवढे कोण करत बसते?" असे म्हणणारे बहुधा आमच्यासारखे पुरुष असतात, ज्यांनी आयुष्यात कधी दूध आटवलेले नसते. वेळ नाही ही तक्रार घरातल्या बाईने केली, तर ती न्याय्य आहे. सगळी कामे तिच्याच माथी का? म्हणून उपाय तिला उपदेश करण्याचा नव्हे. निवृत्त माणसाने पातेल्यापाशी उभे राहावे. आम्ही उभे राहतो. तास-दीड तास ढवळत असताना वर्तमानपत्र वाचता येत नाही, एवढेच काय ते नुकसान.

घरच्या दहा कुल्फ्यांनी संत्र्याचे भाव चढतील, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. आमच्या शेजारच्या बागाईतदारांनी गेल्या हंगामात लहान फळ झाडाखालीच पडू दिले. तोडणीची मजुरीही त्यातून निघत नव्हती. त्यांचे दुःख कुल्फीने फिटणार नाही. त्यासाठी कारखाने हवेत, शीतगृहे हवीत, शासनाची इच्छा हवी. परंतु एक गोष्ट कोणताही कारखाना करू शकत नाही. खऱ्या संत्र्याची चव ओळखणारी जीभ ही घरातच तयार होते. ती जीभ नसेल, तर उद्या खऱ्या रसाची कांडी बाजारात आली तरी मुले म्हणतील, "हिला संत्र्याची चव नाही." मग बागाईतदाराचे फळ मागणार कोण?

मृग बहाराची संत्री फेब्रुवारीपासून उतरू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतात. तेवढ्या दिवसांत प्रत्येक घरी एकदा तरी हा खटाटोप व्हावा, आणि पडून राहणारे ते लहान फळच विकत आणावे. फोडी काढायला थोडा वेळ अधिक लागेल, इतकेच.

आमची नात यंदाही आली. या खेपेस फोडी तिनेच सोलल्या, बिया तिनेच वेचल्या. हाताला दिवसभर सालीचा वास राहिला म्हणून तक्रारही केली. दुसऱ्या दिवशी कुल्फी खाताना ती चवीविषयी काहीच बोलली नाही. दुसरी मात्र मागितली.